चार आठवड्यांचा पावसाचा अंदाज : बेटावरच्या शेतकऱ्याने तो कसा वापरावा?



मे महिना सरत आला की दहिसरपासून गोराई, मनोरी, उत्तनपर्यंत आणि खाडीपलीकडे वसईच्या पट्ट्यात एकच प्रश्न घरोघरी चालतो. राब भाजून झाला, बी आणून ठेवले, आता टाकू की थांबू? वळवाची एखादी सर येते, जमीन ओली होते, हात शिवशिवतात. शेजारी पेरताना दिसला की आपलाही धीर सुटतो. अशा वेळी रेडिओवर "पुढील दोन ते चार आठवड्यांचा पावसाचा अंदाज" सांगितला जातो. तो ऐकून काही जण म्हणतात, "तारीख सांगत नाहीत, मग उपयोग काय?" आणि काही जण तो अंदाज म्हणजे पंचांगातली तिथी समजून चालतात. दोन्ही पक्ष चुकतात. या पत्रकात आपण हा लांब पल्ल्याचा अंदाज म्हणजे काय, तो किती भरवशाचा, आणि त्यावर कोणती कामे ठरवावीत व कोणती ठरवू नयेत, हे पाहू.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. चार आठवड्यांचा अंदाज हा कामाची आखणी करण्यासाठी आहे. काम कोणत्या दिवशी करायचे हे मात्र जवळच्या चार-पाच दिवसांच्या अंदाजावरच ठरवावे. एवढे ध्यानात राहिले तरी या पत्रकाचे सार्थक झाले.

नुकसान कशाचे होते?

समजा, तुमचे एक एकर भात आहे. त्याला चार गुंठे रोपवाटिका आणि पंधरा-सोळा किलो बी लागते. खोट्या पावसावर बी टाकले, अंकुर वर आला आणि पुढे पंधरा दिवस पाऊस गडप झाला, तर रोपे करपतात. बियाण्याचे पैसे जातात, मजुरी जाते. पण पैसे पुन्हा उभे करता येतात. गेलेले तीन आठवडे कुठून आणणार?

हिशेब करून पाहा. ११५ दिवसांचे हळवे भात १० जूनला पेरले तर ते ३ ऑक्टोबरच्या सुमारास कापणीला येते. १३० दिवसांचे निमगरवे भात मोडलेल्या राबावर १ जुलैला पुन्हा पेरले तर ते ८ नोव्हेंबरपर्यंत जाते. मुंबईतून पाऊस माघारी जाण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर. म्हणजे दाणा भरण्याच्या ऐन वेळी पाऊस संपलेला असतो. खलाटीतली ओल कसेबसे निभावून नेईल, पण वरकस जमिनीतले पीक पळींज होऊन बसेल. तेव्हा घाईने टाकलेल्या बियाची किंमत ऑक्टोबरात मोजावी लागते.

उलट बाजूही आहे. फार थांबलो आणि पाऊस आला, की राबात पाणी साचते, बी टाकायला वाफसा मिळत नाही, लावणी लांबते. म्हणून अंदाज कळणे हा शौक नव्हे, ती शेतीची गरज आहे.

दोन वर्षांचा दाखला

मान्सून मुंबईत येण्याची सर्वसाधारण तारीख पूर्वी १० जून धरीत. २०२० साली भारतीय हवामान खात्याने जुन्या नोंदी पुन्हा तपासून ती ११ जून केली. पण ही सरासरी आहे. सरासरी म्हणजे सगळ्या वर्षांना एकत्र घालून काढलेला मधला आकडा. प्रत्येक वर्ष त्या आकड्याला बांधलेले नसते.

२०२३ साली काय झाले ते आठवा. १९ मे रोजी मान्सून निकोबार बेटांपर्यंत आला. मग जूनच्या पहिल्या आठवड्यात अरबी समुद्रात 'बिपरजॉय' चक्रीवादळ उठले. केरळात मान्सून ८ जूनला पोचला आणि मुंबईत २५ जूनला. निकोबारहून मुंबईला यायला ३७ दिवस लागले. त्याच २५ जूनला तो दिल्लीलाही पोचला. मुंबई आणि दिल्ली एकाच दिवशी, असे १९६१ नंतर प्रथमच घडले.

२०२५ साली याच्या अगदी उलट. १३ मे रोजी मान्सून अंदमान-निकोबारकडे आला, २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत. फक्त १३ दिवसांत ! मुंबईत इतक्या लवकर मान्सून आल्याची नोंद पूर्वी नव्हती. कुलाब्याला त्या मे महिन्यात २९५ मिलिमीटर पाऊस पडला आणि १९१८ सालचा उच्चांक मोडला. पाऊस आला, मान्सून आला, सरकारी घोषणाही झाली. मग पेरायला हरकत काय? हरकत पुढे दिसली. २९ मेपासून मान्सूनची चाल जवळजवळ अडीच आठवडे अडून राहिली आणि जूनचा पहिला पंधरवडा पावसाचा जोर ओसरला. पेरणीची घाई करू नका, असे त्या वेळी मुद्दाम सांगावे लागले होते.

या दोन वर्षांतून दोन धडे घ्यावेत. पहिला, अंदमानला मान्सून लवकर आला म्हणून तो आपल्याकडे लवकर येईलच असे नाही. ते अंतर १३ दिवसांचे असू शकते, ३७ दिवसांचेही असू शकते. दुसरा, मान्सून आल्याची बातमी निराळी आणि तो टिकून पडण्याची खात्री निराळी. पहिली बातमी कुणीही सांगेल. दुसऱ्या गोष्टीचा काही अदमास देतो तो दोन ते चार आठवड्यांचा अंदाज.

अंदाजांचे पाच प्रकार

अंदाज म्हटला की सगळे एकाच पोत्यात भरू नयेत. त्यांचे प्रकार असे :

१. तात्काळ अंदाज. पुढच्या दोन-तीन तासांचा. हा रडारवर ढग पाहून देतात. मुंबईत कुलाब्याला रडार आहे आणि २०२२ पासून जोगेश्वरीजवळ वेरावलीलाही आहे. विजा, वादळी सर यांसाठी हा उपयोगी.

२. जवळचा अंदाज. आज, उद्या, परवा, म्हणजे तीन दिवसांपर्यंत.

३. मध्यम पल्ल्याचा अंदाज. साधारण आठवडाभराचा. शेतीचा सल्ला यावरच बेतलेला असतो आणि तो मंगळवारी व शुक्रवारी निघतो.

४. विस्तारित पल्ल्याचा अंदाज. चार आठवड्यांपर्यंतचा. हवामान खाते तो दर गुरुवारी काढते. या पत्रकाचा विषय तो हाच.

५. हंगामी अंदाज. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा. तो एप्रिलमध्ये सांगतात आणि मेअखेरीस सुधारून पुन्हा सांगतात. देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर धरून तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस म्हणजे "सर्वसाधारण" असे त्यात समजतात. तो साऱ्या देशाचा असतो. त्यावरून आपल्या राबाचा निर्णय कोणी करू नये.

चार आठवडे पुढचे कळते तरी कसे?

पुष्कळ जण विचारतात, "उद्याचे धड सांगता येत नाही, तर महिन्यानंतरचे काय सांगणार?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की दोन्हींत विचारतात ते वेगळे. उद्याच्या अंदाजात आपण विचारतो, अमुक ठिकाणी सर येईल का? लांबच्या अंदाजात विचारतो, त्या आठवड्यात एकूण हवा पावसाची राहील की कोरडी? चुलीवरच्या आधणात पुढचा बुडबुडा कुठे फुटेल हे सांगता येत नाही. पण जाळ वाढवला तर बुडबुडे वाढतील, हे कुणीही सांगेल. लांब पल्ल्याचा अंदाज हा जाळ किती आहे ते पाहण्यासारखा आहे.

हा जाळ कशाचा? मुख्यतः समुद्राचा. हवा झटपट बदलते, समुद्र सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. आज समुद्र कुठे तापला आहे हे कळले तर पुढच्या काही आठवड्यांचा कल कळतो.

दुसरी गोष्ट ढगांच्या फेरीची. हिंदी महासागराच्या पश्चिम भागात ढगांचा एक प्रचंड पट्टा तयार होतो आणि तो पूर्वेकडे इंडोनेशियाच्या बेटांवरून प्रशांत महासागराकडे सरकत जातो. ही फेरी पुरी व्हायला ३० ते ६० दिवस लागतात. मॅडन आणि ज्युलियन या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७१ साली ही फेरी दाखवून दिली, म्हणून तिला त्यांचेच नाव आहे. हा पट्टा हिंदी महासागरावर असताना आपल्या पावसाला जोर यायला मदत होते. तो प्रशांत महासागराकडे गेला की आपल्याकडे खंड पडण्याची शक्यता वाढते. गाडी कोणत्या स्टेशनात आहे हे कळले तर पुढच्या स्टेशनाची वेळ अदमासाने सांगता येते, तसेच हे. मात्र ही गाडी कधी रखडते, कधी मध्येच विरून जाते, हेही खरे.

तिसरी गोष्ट, आपल्याकडचा मोठा पाऊस बहुधा दोन कारणांनी येतो. किनाऱ्याला समांतर, गुजरातपासून केरळापर्यंत, कमी दाबाचा पट्टा तयार होतो. आणि बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र उठले की अरबी समुद्रावरचे पश्चिमी वारे जोरात ओढले जातात. ही दोन्ही कारणे फार दिवस आधी नेमकी कळत नाहीत. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांच्या अंदाजावर बराच भरवसा ठेवता येतो; तिसऱ्या-चौथ्या आठवड्याचा अंदाज म्हणजे नुसता कल समजावा.

आपल्याकडे नक्षत्रांवर शेती करण्याची वहिवाट आहे. मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, पुनर्वसू ५-६ जुलैला लागते. एक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचे, म्हणजे चार आठवड्यांत साधारण दोन नक्षत्रे बसतात. नक्षत्रे टाकून द्या असे कोणी म्हणत नाही. पण मृग २०२३ साली त्याच तारखेला लागले आणि २०२५ सालीही त्याच तारखेला लागले. पाऊस मात्र एका साली सुमारे पंधरवडा आधी आला आणि एका साली पंधरवडा उशिरा. कोणते काम कोणत्या काळात, हे नक्षत्र सांगते. यंदा तो काळ ओला की कोरडा, हे अंदाज सांगतो. दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत.

आपण बेटावर राहतो, हे विसरू नका

दहिसर हे साष्टी बेटाच्या उत्तर टोकाचे गाव. पश्चिमेला मनोरीची खाडी, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. तुळशी तलावाकडून निघालेली दहिसर नदी या डोंगरातून उतरून खाडीला मिळते. दक्षिणेकडची मुंबईची सात बेटे भराव घालून एक झाली, साष्टीशीही जोडली गेली, त्यामुळे बेट असल्याची जाणीव उरली नाही. पण पावसाला ती जाणीव आहे. समुद्र, खाडी आणि डोंगर जवळजवळ असले की दोन-चार कोसांवर पाऊस बदलतो.

२६ जुलै २००५ चा दिवस कोण विसरेल? त्या एका दिवसाच्या मोजणीत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि वीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७३ मिलिमीटर. एकच शहर, एकच दिवस ! पावसाळ्याच्या चार महिन्यांची सरासरीसुद्धा कुलाब्याला सुमारे २१०० आणि सांताक्रूझला सुमारे २३०० मिलिमीटर आहे. दहिसर तर सांताक्रूझहूनही आणखी उत्तरेला.

आता लांब पल्ल्याचा अंदाज कोणत्या भूभागासाठी असतो ते पाहा. महाराष्ट्राचे हवामान खात्याने चार विभाग केले आहेत : कोकण व गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. आपण "कोकण व गोवा" या विभागात. पालघरपासून गोव्यापर्यंतच्या या लांब पट्ट्याचा तो सरासरी अंदाज आहे. सिंधुदुर्गात झोडपून पाऊस आणि दहिसरला भुरभुर, तरी विभागाचा अंदाज बरोबर ठरू शकतो. तेव्हा "आमच्याकडे पडलाच नाही, अंदाज खोटा" असे एकदम म्हणू नये.

अंदाजातले शब्द

रेडिओवर जे शब्द येतात त्यांना ठरलेले माप आहे. ते कळले तर ऐकलेले कामी येते.

"सर्वसाधारण पाऊस" म्हणजे त्या काळाच्या सरासरीपेक्षा १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त, या दरम्यानचा. "जास्त" म्हणजे २० ते ५९ टक्के अधिक. "तूट" म्हणजे २० ते ५९ टक्के कमी. ६० टक्क्यांहून कमी झाला तर "मोठी तूट".

इथे एक फसगत होते. आपल्याकडे जुलैत सरासरीच इतकी मोठी असते की "सरासरीपेक्षा कमी" म्हटले तरी भाताला पुरेल इतके पाणी पडू शकते. याउलट जूनच्या पहिल्या आठवड्यात सरासरी लहान असते. तेव्हा "सरासरीपेक्षा जास्त" म्हणजे दोन चांगल्या सरीसुद्धा असू शकतात. म्हणून टक्का ऐकताना महिना कोणता ते आधी पाहावे.

जवळच्या अंदाजात "मुसळधार" म्हणजे चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. "अति मुसळधार" म्हणजे ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर. त्यावर गेला तर "अत्यंत मुसळधार". इशाऱ्याचे रंग हिरवा, पिवळा, नारंगी आणि लाल. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे सावधगिरीची पावले लगेच उचला.

कोणते काम कोणत्या अंदाजावर?

चार आठवड्यांच्या अंदाजावर ठरवावयाची कामे :

• राबात बी एकदम टाकायचे की दोन हप्त्यांत. पुढे खंड दिसत असेल तर निम्मे बी आता आणि निम्मे आठ-दहा दिवसांनी टाकावे. एक हप्ता हुकला तरी दुसरा हाती राहतो.

• कोणते वाण कुठे घ्यायचे. पावसाची सुरुवातच लांबणार असा कल असेल तर वरकसात हळवे भात घ्यावे. गरवे भात खलाटीपुरतेच ठेवावे.

• लावणीचे मजूर, नांगर किंवा टिलर कोणत्या आठवड्यात सांगून ठेवायचे.

• खत आणि बियाणे केव्हा घरात आणायचे.

• काकडी, शिराळे, पडवळ यांचे मांडव केव्हा मजबूत करायचे आणि भाजीच्या वाफ्यांना चर केव्हा काढायचे.

• सप्टेंबरअखेरीस हळव्या भाताची कापणी आणि झोडणी कोणत्या आठवड्यात बसवायची, आणि ताडपत्री किती लागेल.

जवळच्या तीन ते सात दिवसांच्या अंदाजावरच ठरवावयाची कामे :

• बी टाकण्याचा नेमका दिवस. बी टाकल्यावर लगेच मुसळधार झाली तर ते वाहून एका कोपऱ्यात गोळा होते.

• युरियाचा हप्ता. खाचरातील जादा पाणी काढून खत द्यावे आणि मग पाणी बांधावे. दोन दिवसांत मुसळधारेचा इशारा असेल तर थांबावे, नाहीतर खत खाडीला मिळते.

• कोणतीही फवारणी. फवारणीवर चार-सहा तास तरी उघडीप मिळायला हवी.

• भात कापून आडवे टाकण्याचा दिवस.

याच्या उलट केले की घोटाळा होतो. चौथ्या आठवड्याच्या अंदाजावर कापणीचा दिवस ठरविणे, किंवा उद्याच्या सरीवर सगळे बी टाकून बसणे, या दोन्ही गोष्टी टाळाव्यात.

एक उदाहरण घेऊ

समजा, जूनच्या पहिल्या गुरुवारी असे ऐकले : पहिला आठवडा कोकणात सरासरीइतका पाऊस, दुसरा आठवडा कमी, तिसरा आणि चौथा आठवडा सरासरी किंवा अधिक. आपण काय करावे?

पहिल्या आठवड्याच्या पावसावर भुलून सगळे बी टाकू नये. या आठवड्यात वाफे तयार करावेत. सपाट वाफ्याऐवजी गादीवाफे केले तर पाणी साचले तरी निचरा होतो, आणि खंडात झारीने थोडके पाणीही पुरते. ज्याच्याजवळ विहीर किंवा बोअरचे पाणी आहे त्याने निम्मे बी टाकायला हरकत नाही; दुसऱ्या आठवड्यात चार गुंठ्यांना पाणी देणे जमते, एक एकराला जमत नाही. ज्याच्याजवळ पाणी नाही त्याने पुढच्या गुरुवारची वाट पाहावी.

पुढच्या गुरुवारी नवा अंदाज येतो. पूर्वीचा तिसरा आठवडा आता दुसरा झालेला असतो आणि त्याचा भरवसा वाढलेला असतो. पूर्वीचे म्हणणे कायम असेल तर उरलेले बी टाकण्याची तयारी करावी. म्हणणे बदलले असेल तर आपणही बदलावे. अंदाज बदलला म्हणजे सांगणारा लबाड, असे नव्हे. दुरून येणारा माणूस आधी नुसता माणूस दिसतो, जवळ आल्यावर ओळख पटते.

आता रोपांचे वय मोजा. हळव्याची रोपे २१ ते २५ दिवसांची, गरव्याची २५ ते ३० दिवसांची असताना लावणी चांगली. बी दोन हप्त्यांत टाकले असेल तर लावणीही दोन टप्प्यांत येते आणि मजुरांची ओढाताण कमी होते. लावणीच्या वेळी खंड पडला आणि रोपे थोराड झाली, तर ती टाकून देऊ नका. एका चुडात दोन-तीनऐवजी चार-पाच रोपे लावावीत. थोराड रोपांना फुटवे कमी येतात, त्याची भरपाई अशी काही अंशी होते.

भर पावसाळ्यातही खंड पडतो, हे विसरू नका. २०२३ चा ऑगस्ट देशभर १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सरासरीपेक्षा ३६ टक्के पाऊस कमी. ऑगस्टमध्ये खंडाचा कल ऐकला की लगेच बांधाची भोके, खेकड्यांची बिळे बुजवावीत. असलेले पाणी राखणे हे नवे पाणी आणण्याहून स्वस्त पडते.

उधाण आणि पाऊस एकाच आठवड्यात

खाडीकाठच्या खारजमिनीवाल्यांसाठी हा वेगळा इशारा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते. तिच्या वेळा आणि उंची भरतीच्या तक्त्यात आधीच छापलेल्या असतात. नेमका त्याच आठवड्यात जास्त पावसाचा कल असेल, तर खाचरातले पाणी बाहेर जायला वाट राहत नाही आणि खाडीचे खारे पाणी बांधावर चढते. एकदा खारे पाणी खाचरात शिरले की त्या हंगामाचे पीक धोक्यात येते आणि जमीन धुऊन निघायला पुढचा पाऊस लागतो.

म्हणून कालनिर्णय किंवा पंचांग आणि गुरुवारचा अंदाज समोरासमोर धरा. उधाण आणि ओला आठवडा जुळत असेल तर आधीच्या कोरड्या दिवसांत बांधाला माती घालावी, उघाडीची दारे नीट मिटतात की नाही हे पाहावे, पाण्याचे मार्ग मोकळे करावेत. हे एकट्याचे काम नव्हे. बांध एका ठिकाणी फुटला की पाणी सगळ्यांच्या खाचरात जाते. गावाने मिळून करावे.

आपल्या गावचा पाऊस आपण मोजा

विभागाचा अंदाज आणि आपले शेत यांची सांगड घालायची तर आपल्या शेतावर किती पडतो हे माहीत हवे. त्याला मोठे यंत्र लागत नाही. तळ आणि तोंड सारख्याच रुंदीचे, उभ्या सरळ बाजूंचे डबडे घ्या. ते उघड्या जागी, झाड वा भिंत जितकी उंच असेल तिच्या निदान दुप्पट अंतरावर, हलणार नाही असे बसवा. रोज सकाळी साडेआठला साध्या पट्टीने पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजा, वहीत तारखेसह लिहा आणि डबडे रिकामे करा. हवामान खात्याचीही मोजण्याची वेळ सकाळी साडेआठचीच आहे, त्यामुळे रेडिओवरच्या आकड्याशी ताडून पाहता येईल.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका गुंठ्यावर सुमारे १०० लिटर पाणी. या हिशेबाने २० मिलिमीटरची सर तुमच्या चार गुंठ्यांच्या राबावर ८,००० लिटर पाणी ओतून जाते. दोन-तीन पावसाळे अशी वही ठेवली की सांताक्रूझच्या आकड्यापेक्षा आपल्याकडे बहुधा जास्त पडतो की कमी, हे कळू लागते. मग विभागाच्या अंदाजावर आपल्या वहीचा आकडा चढवून अर्थ लावता येतो.

ध्यानात ठेवा

१. दर गुरुवारी निघणारा चार आठवड्यांचा अंदाज ऐका आणि आठवड्यांच्या तारखा वहीत लिहा.

२. पहिल्या दोन आठवड्यांवर आखणी करा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याचा नुसता कल समजा.

३. आखणी गुरुवारच्या अंदाजावर, नेमका दिवस जवळच्या अंदाजावर.

४. अंदमानची बातमी, केरळची बातमी, पहिली सर, यांपैकी एकावर सगळे बी टाकू नका. शक्यतो दोन हप्ते करा.

५. खाडीकाठी भरतीचा तक्ता आणि अंदाज एकत्र पाहा.

६. विजेचा इशारा आला की बाकी सारे बाजूला ठेवून शेतातून पक्क्या घरात या. झाडाखाली थांबू नका. मोबाइल असलेल्यांनी 'दामिनी' हे विजेची सूचना देणारे आणि 'मेघदूत' हे शेतीच्या हवामान सल्ल्याचे अॅप घरातल्या मुलांकडून घालून घ्यावे.

कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून हवामानाच्या कामाची सुरुवात झाली आणि भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. इतक्या वर्षांच्या नोंदींवर आजचा अंदाज उभा आहे. तरी पाऊस तो पाऊसच. तो कोणाला लिहून देत नाही. पण दहापैकी सात वेळा कल बरोबर कळला, आणि उरलेल्या तीन वेळांसाठी निम्मे बी घरात शिल्लक असले, तर शेतकऱ्याला आणखी काय हवे?

हे पत्रक दाराआड खिळ्याला अडकवून ठेवा. गुरुवार आला की काढून वाचा, आणि शेजाऱ्यालाही दाखवा.